गेमिंगचा संगणक: प्रोसेसरवर किती आणि ग्राफिक्स कार्डवर किती?

वाचकाचे पत्र

मी २७ वर्षांचा असून अकोल्यात एका बँकेत नोकरी करतो. माझ्याकडे आय५-९४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि ४५० वॉटचा पॉवर सप्लाय असलेला संगणक आहे. अलीकडे मी २७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि तेव्हापासून सायबरपंक २०७७ फारच रखडतो. आठवड्यातून दोन रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि कधीतरी रविवारी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर असे माझे खेळणे असते. मी तीन दरपत्रके घेतली असून त्यांची बेरीज जवळपास सारखीच येते. पहिल्यात इंटेल आय७-१४७००एफ आणि आरटीएक्स ५०६० आहे, दुसऱ्यात रायझन ७ ७८००एक्स३डी आणि आरटीएक्स ५०६०, तर तिसऱ्यात रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०७०. दुकानदारांच्या मते सहा कोअरचा (गणना करणाऱ्या सहा स्वतंत्र भागांचा) प्रोसेसर लवकरच जुना होईल. पुण्यातला माझा मावसभाऊ एक्स३डी प्रकारच्या प्रोसेसरशिवाय दुसरे काही घेऊ नकोस असे सांगतो. तुलनेच्या आलेखांत ७६०० पुष्कळ खाली दिसतो, त्यामुळे तिसरे दरपत्रक स्वीकारण्याचे धाडस होत नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर

आपण तिसरे दरपत्रक स्वीकारावे, म्हणजे रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०७० हा संच घ्यावा. आपल्या मावसभावाचे म्हणणे चूक नाही. ७८००एक्स३डी हा ७६०० पेक्षा गेमिंगसाठी निश्चितच सरस प्रोसेसर आहे आणि आलेखांत दिसणारा फरकही खरा आहे. मात्र ते आलेख ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न आपला नाही.

प्रोसेसरांची तुलना करणारे जाणकार परीक्षक चाचणी घेताना बाजारातले सर्वांत ताकदवान ग्राफिक्स कार्ड वापरतात. गेली काही वर्षे ते आरटीएक्स ४०९० होते, आता ५०९० असते. शिवाय ते रिझोल्यूशन (पडद्यावरील बिंदूंची संख्या) मुद्दाम १०८०पी इतके खाली ठेवतात. ग्राफिक्स कार्डावरचा भार शक्य तितका हलका करून प्रोसेसर एकटाच मर्यादा ठरवेल अशी परिस्थिती निर्माण करावी, हा त्यामागचा हेतू असतो. ही पद्धत योग्यच आहे, कारण तसे केले नाही तर सगळेच प्रोसेसर एका रांगेत उभे दिसतील आणि त्यांच्यातला फरक कळणारच नाही. परंतु त्यातून निघणारा आकडा म्हणजे त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा असते. आपल्या घरी, १४४०पी मॉनिटरवर आणि मधल्या किमतीच्या कार्डावर, खेळ त्या मर्यादेपर्यंत पोहोचतो की नाही, हे त्या आलेखात लिहिलेले नसते. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेले कार्डाचे नाव आणि रिझोल्यूशन वाचल्याशिवाय कोणत्याही आलेखावर विश्वास ठेवू नये, असे मला वाटते.

पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे एकेका चित्रामागे, प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचे काम असते. पात्रे कुठे उभी आहेत, गाडी कशाला आदळली, गर्दीतला माणूस कुठे वळेल, नेटवर्कवरून प्रतिस्पर्ध्याची कोणती हालचाल आली, हे सारे प्रोसेसर ठरवतो आणि मग काय काय रंगवायचे याची आज्ञा ग्राफिक्स कार्डाला देतो. ते रंगवणे हे कार्डाचे काम. एकजण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो तसा हा मामला आहे. तव्यावरचा माणूस मागे पडला असेल तर लाटणाऱ्याचा हात कितीही चपळ असला तरी ताटात पडणाऱ्या पोळ्यांची संख्या वाढत नाही. रिझोल्यूशन वाढवले की वाढते ते प्रामुख्याने कार्डाचे काम. १०८०पी पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात आणि आपल्या १४४०पी पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे अधिक. गर्दीतला माणूस कुठे वळेल हे ठरवण्याचे प्रोसेसरचे कष्ट मात्र पडदा बदलल्याने जवळजवळ बदलत नाहीत. मॉनिटर नवा आल्यापासून सायबरपंक रखडू लागला, या आपल्या निरीक्षणातच निम्मे उत्तर दडलेले आहे.

खात्री करून घेण्यासाठी आपल्या सध्याच्याच संगणकावर एक साधी चाचणी घ्यावी. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे साधन लावून सायबरपंकमधील एखाद्या ठरावीक रस्त्यावरून गाडी चालवावी आणि फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची संख्या, नोंदवावा. मग रिझोल्यूशन १०८०पी आणि त्यानंतर ७२०पी करून त्याच रस्त्यावर पुन्हा फिरावे. फ्रेमदर भराभर वाढला तर अडथळा कार्डाचा होता. तो जवळपास तिथेच राहिला तर प्रोसेसरचा. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या पुढे दिसत असेल तर तेही पहिल्याच निष्कर्षाकडे बोट दाखवते. प्रोसेसरच्या एकूण वापराच्या टक्केवारीवर मात्र अजिबात विसंबू नये. खेळाचा मुख्य धागा, म्हणजे त्याच्या कामांची मुख्य साखळी, सहसा एकाच कोअरवर चालतो आणि १६ थ्रेडच्या (एकाच वेळी १६ साखळ्या चालवणाऱ्या) प्रोसेसरमधील एक थ्रेड पूर्ण थकला तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम सहा टक्के दिसतो. ‘माझा प्रोसेसर तर चाळीस टक्केच चालतो, म्हणजे त्याचा दोष नाही’ हे विधान म्हणूनच बहुधा फसवे असते. फ्लाइट सिम्युलेटरने तर ही सोय स्वतःच केलेली आहे. त्यातील डेव्हलपर मोड सुरू करून फ्रेमदराची चौकट उघडली की सध्याची मर्यादा मुख्य धाग्याची आहे की ग्राफिक्सची, हे खेळच लिहून दाखवतो. मोठ्या विमानतळावर उभे असताना तिथे बहुधा मुख्य धाग्याचेच नाव येते, आणि एक्स३डीचे माहात्म्य नेमके अशाच जागी आहे.

हे माहात्म्य कशात आहे, ते थोडे सविस्तर सांगतो. प्रोसेसरला हवी असलेली माहिती त्याच्या अंगातल्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या पण वेगवान साठ्यात, सापडली तर ती काही नॅनोसेकंदांत, सर्वांत मोठ्या एल३ कॅशमधूनही सुमारे दहा नॅनोसेकंदांत, हाती येते. तिथे ती नसेल तर रॅमपर्यंत जाऊन यावे लागते आणि त्याला सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागतात. हा काळ ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरच्या दृष्टीने ती साडेतीनशे-चारशे चक्रे निव्वळ वाट पाहण्यात गेलेली असतात. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात पुढे कोणती माहिती लागेल याचा अंदाज प्रोसेसर बांधू शकतो, त्यामुळे ती आधीच मागवून ठेवता येते. खेळात मात्र विमान, ढग, इमारती, माणसे यांच्या विखुरलेल्या नोंदी कोणत्या क्षणी लागतील हे खेळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असते. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणताना नेहमीच्या ३२ एमबी कॅशवर ६४ एमबीचा आणखी एक थर चढवला आणि एल३ कॅश एकूण ९६ एमबी केली; नावातले एक्स३डी ही याच जादा थराची खूण. त्याचा कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी होता, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, तरीही खेळांत तो पुढे गेला, कारण वेगाने धावण्यापेक्षा कमी वेळा थांबणे अधिक मोलाचे ठरले. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या ७८००एक्स३डीची रचना हीच आहे. नोव्हेंबर २०२४ मधील ९८००एक्स३डीत कॅशचा थर कोअरच्या वर न ठेवता खाली नेला, त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरकडे जाते आणि वेगही ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत नेता आला.

याच कारणाने गिगाहर्ट्झचा आकडा पाहून वेगवेगळ्या घराण्यांतील प्रोसेसरांची तुलना करू नये. आय९-१४९००केचा कमाल वेग ६ गिगाहर्ट्झ आहे आणि ७८००एक्स३डीचा ५. तरीही बहुतेक खेळांत दुसरा बरोबरीने चालतो किंवा पुढे असतो, आणि तेही बरीच कमी वीज घेऊन.

आता दुकानदारांच्या ‘सहा कोअर’ या आक्षेपाकडे वळू. आय७-१४७००एफमध्ये २० कोअर आणि २८ थ्रेड आहेत हे खरे, पण त्यांतील मोठे, वेगवान कोअर आठच आहेत. उरलेले बारा कोअर लहान असून त्यांची योजना मुख्यतः पार्श्वभूमीतील कामे आणि एकाच वेळी अनेक तुकड्यांत वाटता येणारी कामे उरकण्यासाठी आहे. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय रेंडरिंग किंवा मोठे सॉफ्टवेअर कंपाइल करणे हा आपला रोजचा उद्योग असता तर मी हाच प्रोसेसर सुचवला असता, आणि मोकळ्या मनाने सुचवला असता. खेळ मात्र आपले काम वीस तुकड्यांत क्वचितच वाटू शकतात, कारण खेळातली एक गोष्ट ठरल्याशिवाय दुसरी ठरवता येत नाही. मोठ्या खेळांची आखणी करताना कंपन्यांसमोर आजही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही यंत्रे असतात. त्यांत झेन २ पिढीचे आठ कोअर साडेतीन ते पावणेचार गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्यांतलाही काही हिस्सा यंत्राच्या स्वतःच्या व्यवस्थेसाठी राखून ठेवलेला असतो. ७६०० चे सहा कोअर दोन पिढ्या नव्या, झेन ४ रचनेचे आहेत, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातात आणि बारा थ्रेड सांभाळतात. पुढे केव्हातरी सहा कोअर अपुरे पडतील हे मान्य आहे. पण आज त्यांना ‘जुने’ म्हणून ग्राहकाला घाबरवणे मला पटत नाही. आपल्या ९४००एफमध्येही सहाच कोअर आहेत, मात्र थ्रेडही सहाच आहेत आणि एल३ कॅश केवळ ९ एमबी. दोन्हीकडे सहा हा आकडा असला तरी हे दोन प्रोसेसर एका पंक्तीत बसत नाहीत.

पहिल्या दरपत्रकाविरुद्ध माझे आणखी दोन आक्षेप आहेत. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिरता येण्याचा दोष आढळला होता. कंपनीने तो मान्य केला, ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १४७००एफ त्या यादीत आहे. नव्या बायोससह (बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरसह) तो वापरण्यास हरकत नाही, तरी ज्याला बायोस अद्ययावत ठेवण्याची सवय नाही अशा माणसाला तो सुचवताना मी दोनदा विचार करीन. दुसरा आक्षेप अकोल्याच्या उन्हाळ्याचा. परीक्षक आपल्या चाचण्या थंड खोलीत घेतात. मे महिन्यात आपल्या खोलीतच ३८-४० अंश असतील तर चिपचे तापमान जवळपास तितक्याच फरकाने वर सरकते. १४७००एफच्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेले असले तरी पूर्ण भाराखाली तो २१९ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो; ७६०० ची मर्यादा ८८ वॉटची आहे. खेळताना दोघेही या टोकाला सहसा जात नाहीत, पण कूलर आणि कॅबिनेटची हवा टोकाचा विचार करूनच ठरवावी लागते.

इंटेलची नवी, ऑक्टोबर २०२४ मधील कोअर अल्ट्रा २०० मालिका आपल्याला कुणी सुचवली नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ती कमी वीज घेते आणि संपादनाच्या कामात उत्तम आहे, परंतु खेळांत ती आधीच्या १४व्या पिढीलाही सातत्याने मागे टाकू शकली नाही.

सायबरपंकच्या रखडण्यात एक दुसरी गोष्टही मिसळलेली असू शकते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. सरासरी फ्रेमदर आणि प्रत्यक्ष अनुभव यांत अंतर असते. समजा, एका सेकंदात ५० फ्रेम आल्या. त्यांतल्या ४९ फ्रेमना प्रत्येकी १८ मिलिसेकंद लागले आणि एकीला ११८. मोजणारे साधन ५० हा समाधानकारक आकडा दाखवेल, पण डोळ्यांना ठसठशीत झटका जाणवेल. चांगले परीक्षक सरासरीबरोबर ‘१ टक्का नीचांक’ (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमवरून काढलेला दर) देतात तो याचसाठी. शहरात वेगाने गाडी चालवताना असे झटके बसत असतील आणि रिझोल्यूशन उतरवूनही ते जात नसतील, तर ते बहुधा आपल्या सहा थ्रेडच्या जुन्या प्रोसेसरचे आहेत. खेळातील गर्दीची घनता कमी करून पाहिली की याचा पडताळा मिळतो. म्हणजे आपल्याकडे कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलण्याजोगे झाले आहेत, असा माझा अंदाज आहे. मात्र प्रोसेसरच्या बाबतीत ७६०० एवढी झेप पुरेशी ठरते, तर कार्डाच्या बाबतीत ५०६० ही झेप १४४०पी पडद्याला अपुरी वाटते.

आकड्यांतच पाहायचे तर ५०६० मध्ये ३८४० आणि ५०७० मध्ये ६१४४ कुडा कोअर (कार्डातले गणना करणारे छोटे भाग) आहेत, मेमरीची क्षमता ८ आणि १२ जीबी, तर मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ आणि ६७२ जीबी. रांगेतला प्रत्येक आकडा दीडपट किंवा त्याहून थोडा अधिक आहे आणि १४४०पी वर मिळणारा फरकही साधारण त्याच मापाचा असतो. सायबरपंक उच्च सेटिंगवर चालवताना दुसऱ्या आणि तिसऱ्या दरपत्रकातील संच शेजारी ठेवले, तर एक्स३डी बराच काळ ५०६० ची वाट पाहत बसलेला आढळेल. व्हॅलोरंटची गोष्ट उलट्या टोकाची आहे. तो इतका हलका आहे की ७६०० वरही फ्रेमदर सेकंदाला काहीशेंच्या घरात जातो, आणि आपला मॉनिटर त्यांतल्या १६५ च दाखवू शकतो. त्या खेळात एक्स३डीने मिळवलेल्या जादा फ्रेमचा थोडाफार उपयोग होतो तो माऊसच्या प्रतिसादात, आणि तो जाणवून घेण्यासाठी २४० किंवा ३६० हर्ट्झचा पडदा आणि स्पर्धेत उतरण्याइतकी तयारी लागते. १६५ हर्ट्झवर एका फ्रेमला सुमारे ६ मिलिसेकंद मिळतात, आणि व्हॅलोरंटपुरते ७६०० ते काम त्याहून बऱ्याच कमी वेळात उरकतो.

माझ्या बाजूविरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजकाल बहुतेकजण डीएलएसएस हे एनव्हिडियाचे तंत्र लावून खेळतात. १४४०पी वर त्याचा ‘क्वालिटी’ पर्याय निवडला की खेळ आतून साधारण ९६०पी इतक्याच उंचीचे चित्र रंगवतो आणि मग ते मोठे करतो. त्यामुळे कार्डाचा भार उतरतो आणि ओझे पुन्हा प्रोसेसरकडे सरकते. प्रकाशाचा मार्ग मोजून चित्र रंगवणाऱ्या रे ट्रेसिंगमुळेही प्रोसेसरचे काम वाढते, कारण प्रकाशकिरण कशावर आदळतील हे शोधण्यासाठी दृश्याची जी रचना सतत ताजी ठेवावी लागते, तिच्या तयारीत त्यालाही हात लावावा लागतो. सायबरपंकमध्ये हे दोन्ही एकदम चालू केले तर ७६०० आणि ७८००एक्स३डी यांच्यातील फरक गर्दीच्या बाजारात जाणवू शकतो. तरीही ५०६० च्या ८ जीबी मेमरीत १४४०पी वरचे रे ट्रेसिंग बसवणे हाच आधी त्रास होऊन बसेल, म्हणून माझे मत बदलत नाही. फ्रेम जनरेशनचा, म्हणजे कार्डाने स्वतः मध्ये घातलेल्या जादा फ्रेमचा, मात्र या हिशेबात विचारच करू नये. मधल्या बनावट फ्रेममुळे चित्र गुळगुळीत दिसते, परंतु आपली कळ दाबल्यापासून खेळाने ती ऐकेपर्यंतचा वेळ प्रोसेसरने बनवलेल्या खऱ्या फ्रेमच ठरवतात.

आपला प्राधान्यक्रम वेगळा असता तर उत्तरही वेगळे झाले असते. रोज संध्याकाळी फ्लाइट सिम्युलेटर चालवणारा, फॅक्टोरिओसारख्या खेळात प्रचंड कारखाने उभारणारा, किंवा काउंटर-स्ट्राइक २ गंभीरपणे खेळून २४० हर्ट्झचा पडदा वापरणारा वाचक असता तर मी त्याला दुसरे दरपत्रक सुचवले असते आणि कार्ड नंतर बदलण्यास सांगितले असते. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकातील शहरही प्रोसेसरची अशीच कसोटी पाहते. आपले फ्लाइट सिम्युलेटर ‘कधीतरी रविवारी’ असते, आणि त्या खेळाला सेकंदाला १६५ फ्रेमची गरज नसते. चाळीस-पन्नासच्या आसपास स्थिर राहिलेला फ्रेमदरही विमान उतरवायला पुरतो.

शिवाय ७६०० घेतल्याने एक्स३डीची वाट बंद होत नाही. ७६०० ज्यावर बसतो ते एएम५ सॉकेट (बोर्डावरील प्रोसेसरची जागा) सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केलेले आहे. कंपनीच्या शब्दावर मी सहसा फार भिस्त ठेवत नाही, पण इथे पूर्वेतिहास बाजूने आहे: २०१७ मधील एएम४ बोर्डांपैकी अनेकांवर नवा बायोस टाकून २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला. तीन-चार वर्षांनी आपण ७६०० काढून त्या वेळचा एखादा एक्स३डी त्याच बोर्डावर लावू शकाल. पहिल्या दरपत्रकातील एलजीए १७०० सॉकेट मात्र १४व्या पिढीबरोबर संपले. तिथे पुढची पायरी नाही.

एएम५ बोर्डावर डीडीआर५ रॅमच चालते. त्यामुळे आपल्या जुन्या डीडीआर४ रॅमचा मोह कुणी दाखवेल, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर झपाट्याने चढले आहेत आणि डीडीआर४ चालणारा बोर्ड आय५-१२४००एफ किंवा १४४००एफबरोबर घेतला तर तो खर्च वाचतो. हा पर्याय अगदीच टाकाऊ नाही. पण ९४००एफबरोबर घेतलेली रॅम बहुधा २६६६ वेगाची असेल, आणि रॅमची वाट पाहण्याबद्दल वर जे लिहिले ते लक्षात घेता एवढ्या संथ रॅमवर नवा प्रोसेसर आपले पूर्ण बळ दाखवणार नाही. हात फारच आखडता असेल तरच हा मार्ग घ्यावा.

दरपत्रकात मी तीन बदल सुचवतो. रॅम ६००० वेगाची, सीएल३० (प्रतिसादातला विलंब दाखवणारा आकडा) किंवा त्याच्या जवळची, आणि १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. अनेक दुकाने ‘नंतर वाढवता येईल’ म्हणून एकच पट्टी देतात आणि त्यामुळे मेमरीची रुंदी निम्मी होते. नंतर आणखी दोन पट्ट्या टाकण्याचा बेतही करू नये, कारण चार पट्ट्यांवर ७६०० साठी एएमडीची अधिकृत वेगमर्यादा ३६०० वर उतरते. संगणक हाती आल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) सुरू आहे का ते स्वतः पाहावे. ते बंद असले तर महागडी रॅम मुकाट्याने ४८०० वर चालत राहते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दुसरा बदल पॉवर सप्लायचा. ५०७० एकटे २५० वॉट घेते आणि एनव्हिडिया त्याच्यासाठी ६५० वॉटची शिफारस करते, तेव्हा आपला ४५० वॉटचा सप्लाय निवृत्त करावा लागेल. तिसरा बदल कूलरचा: ७६०० च्या खोक्यात कूलर येतो आणि पुण्या-नाशकात तो चालून जाईल, पण विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी एखादा साधा टॉवर कूलर जोडावा. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॉटच पेलतो, तेव्हा वीज गेल्यावर खेळ चालू ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

सगळे पैसे एकदम घालणे जड जात असेल तर आधी पॉवर सप्लाय आणि ५०७० घ्यावे आणि ते जुन्याच बोर्डावर लावावे. हे कार्ड बोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करायला १६ लेन (वाटा) वापरते, त्यामुळे जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर त्याचे फारसे बिघडत नाही. ५०६० आठच लेन वापरत असल्याने त्याला तिथे अधिक फटका बसतो. मग वर सांगितलेली रिझोल्यूशनची चाचणी पुन्हा घ्यावी आणि प्रोसेसर, बोर्ड व रॅम पुढच्या बोनसपर्यंत थांबू शकतात का, हे त्या आकड्यांवरून आपणच ठरवावे. प्रोसेसर घेताना तो सीलबंद खोक्यातलाच मागावा. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा तुकडा थोडा स्वस्त पडतो, पण त्याबरोबर कूलर नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही बहुधा मिळत नाही. जीएसटीच्या पक्क्या बिलावर प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींचे सिरीयल क्रमांक दुकानदाराकडून लिहून घ्यावेत, आणि बोर्डावर ताजा बायोस टाकूनच तो ताब्यात देण्यास सांगावे.